सव्वा महिन्याची ऊब

आमच्या माकणीकडे बाळंतपणानंतरचा काळ कोणी आठवड्यांत मोजत नाही. ‘सव्वा महिना’ एवढा एकच शब्द पुरतो. त्या सव्वा महिन्यात बाळंतिणीने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचे नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्याला हात लावायचा नाही आणि बाळाला घराबाहेर काढायचे नाही, असा दंडक असे. माझ्या पहिल्या बाळंतपणात हा दंडक आठव्या दिवशीच मोडला. आम्ही तो मोडला नाही. आमच्या पायांखालच्या जमिनीने मोडला.

ती गोष्ट मी आजवर लिहून ठेवली नव्हती. गेल्या वर्षी माझ्या लेकीला मुलगा झाला आणि ती बाळंतपणासाठी माझ्याकडे आली. नातवाला न्हाऊ-माखू घालण्याची तयारी मी मोठ्या हौसेने केली होती; पण पहिल्याच आठवड्यात लेकीचे आणि माझे दोन-तीनदा खटके उडाले. गुटी द्यायची की नाही, काजळ घालायचे की नाही, खोलीत धुरी करायची की नाही. मी म्हणत असे, “तू अशीच वाढलीस.” एका रात्री मी पुन्हा तसे म्हणाले, आणि मग अंथरुणावर पडल्या पडल्या मनाशीच विचारले : खरेच का ती अशी वाढली? ती नेमकी कशाने वाचली होती? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. घरात नवे बाळ आलेल्या आजी-आजोबांना त्यातून काही उपयोगाचे सापडले तर बरे वाटेल.

बाळंतिणीची खोली

१९९३ साली लोहारा हा स्वतंत्र तालुका झालेला नव्हता. आमचे माकणी तेव्हा उमरगा तालुक्यात मोडत असे आणि जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद होते. तेरणा नदीवरच्या धरणामुळे गावाचे नाव पंचक्रोशीत ठाऊक होते. आमचे घर त्या भागातल्या बहुतेक घरांसारखेच होते. दगड आणि माती यांच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडी तुळयांचे माळवद आणि त्या माळवदावर दर पावसाळ्याआधी घातलेला मातीचा थर. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असे आणि थंडीत ऊब. घर जितके जुने, तितका माळवदावरचा मातीचा थर जाड आणि जड. त्याचा अभिमानच वाटत असे आम्हांला.

मी पहिलटकरीण, म्हणून रीतीप्रमाणे माहेरी आले होते. त्या वर्षी गणपती १९ सप्टेंबरला बसले आणि चौथ्या दिवशी मला मुलगी झाली. दिवस भरायला अजून काही आठवडे अवकाश होता. गावातल्या अनुभवी सुईणीने बाळंतपण केले. मुलगी रडली, पण तिचा आवाज मांजराच्या पिल्लासारखा होता. आजीने तिला तळहातावर घेऊन पाहिले आणि म्हणाली, “लई बारकं हाय गं माय, पर डोळं चपळ हायती.” बाळाचे वजन करण्याची सोय घरी नव्हती आणि कोणाला तशी गरजही वाटली नाही.

घराच्या सर्वांत आतली, खिडकी नसलेली खोली बाळंतिणीची. बाजेखाली गोवऱ्यांच्या निखाऱ्यांची शेगडी, दाराला जाड पडदा, सकाळ-संध्याकाळ ओवा आणि बाळंतशेपा यांची धुरी. मला पाणी मोजून मिळे. जास्त प्यायले तर पोट सुटते असा समज होता. खाण्यात मात्र हयगय नव्हती. ज्वारीची भाकरी, मेथी, तूप, खारीक-खोबरे, डिंकाचे लाडू. पाचव्या दिवशी पाचवी पुजली. रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणून कोरा कागद आणि लेखणी पाटाशेजारी ठेवली. माझ्या मायने रात्रभर दिवा विझू दिला नाही. बाराव्या दिवशी, म्हणजे ३ ऑक्टोबरला, बारसे करायचे ठरले होते. घुगऱ्यांसाठी हरभरे काढून ठेवले होते.

३० सप्टेंबरची पहाट

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाची मिरवणूक रात्री उशिरापर्यंत चालली. माणसे थकून घरोघरी झोपी गेली.

माझी मुलगी एरवी स्वतःहून उठत नसे; तिला जागे करून पाजावे लागे. त्या पहाटे मात्र ती कुरकुरली. खोलीत धूर कोंडला होता म्हणून मी पडदा बाजूला करून, तिला घेऊन ओसरीत दाराजवळ बसले आणि पदराखाली घेतले. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे झाली होती, हे पुढे वर्तमानपत्रांतून कळले. मला आठवते ती आधी आलेली जमिनीखालची घरघर. जड गाड्यांची रांग अंगणातून जावी तशी. मग सारे हलले. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा दंड धरून मला अंगणात ओढले. मागे वळून पाहिले तेव्हा आतल्या खोलीची मागची भिंत आत कोसळली होती आणि माळवदाची माती अजून खाली येत होती. बाज त्या मातीखाली होती.

“लेकरानं जागं ठेवलं म्हणून वाचलो,” हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर कितीदा तरी बोलले गेले आहे.

आमच्या घरातले सगळे जण वाचले. सगळ्यांच्या नशिबी ते नव्हते. जवळचे किल्लारी आणि सास्तूर ही नावे त्या सकाळपासून साऱ्या देशाला कळली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली असे मानले जाते. ज्या जड माळवदाचा आम्हांला अभिमान होता, त्यानेच झोपलेल्या माणसांना दाबून टाकले. माझी धाकटी मावशी सास्तूरला दिलेली होती. तिची दोन्ही मुले आणि सासू गेली. ती आणि तिचा नवरा तेवढे वाचले.

लिंबाखालचे घर

पुन्हा धक्के बसत होते, म्हणून भिंतीच्या आसऱ्याला कोणी जाईना. दादांनी शेतातल्या लिंबाखाली बैलगाडी उभी केली, जूवरून ताडपत्री टाकली आणि त्याखाली माझे अंथरूण घातले. आठ दिवसांची मुलगी, मी, माय आणि आजी अशा चौघी त्या जागेत राहू लागलो. शेगडी नाही, पडदा नाही, धुरी नाही. वारा तर चारी बाजूंनी. आणि मग पाऊस आला. ढिगाऱ्यांखालून माणसे काढणाऱ्यांचे त्या पावसाने हाल केले आणि उघड्यावर पडलेल्यांचेही.

दुसऱ्या रात्री वाकळ भिजली. मी बाळाला त्याच वाकळेच्या कोरड्या वाटणाऱ्या टोकात गुंडाळून शेजारी निजवले होते. माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. मावशीची बातमी त्याच संध्याकाळी आली होती. सकाळी मुलगी शांत होती. शेजारच्या ताडपत्रीखालची एक बाई कौतुकाने म्हणाली, “किती शानं लेकरू हाय, एवढ्या कालव्यात रडत बी न्हाई.”

आजीने हे ऐकले आणि झटकन उठून आली. तिने बाळाच्या तळपायांना हात लावला. पोटाला हात लावला. पाय गार होते आणि पोटही गार होते. स्तनाशी धरले तर ओठ हलेनात. आजीचा आवाज मला आजही तसाच ऐकू येतो : “आगं, लेकरू गार पडलंय. काढ ती वली कापडं. छातीला लाव उघडं.”

“शेगडी कुठून आणू?” मी रडत म्हणाले.

“शेगडी हुडकत बसू नगंस. तूच शेगडी हायस. वासराला गाय कुठली शेगडी आणती?”

तिने मुलीचे सारे ओले कपडे काढले, कोरड्या सुती फडक्याने तिला पुसले, डोक्याला टोपडे बांधले आणि माझ्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये, उभी धरली. तिची मान एका बाजूला वळवली. नाक मोकळे आहे ना, ते बोट लावून पाहिले. मग स्वतःचे कोरडे लुगडे आम्हां दोघींभोवती घट्ट गुंडाळले आणि वरून घोंगडे टाकले. मायने माझे दूध वाटीत काढले आणि बोंडल्याने थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडले. पहिले काही थेंब बाहेर ओघळले. मग एक घोट गेल्याचे गळ्याला दिसले. दुपार कलेपर्यंत तिच्या पोटाला ऊब आली आणि तिने पहिल्यांदा मोठ्याने रडून दाखवले. त्या रडण्याने आम्ही चौघी-पाचजणी हसलो होतो. दोन दिवसांत कोणी हसलेले ते पहिलेच.

संध्याकाळी दादांनी मदतकार्यासाठी आलेल्या एका डॉक्टरांना गाठून आणले. त्यांनी मुलीला तपासले, स्प्रिंगच्या काट्याला झोळी बांधून तिचे वजन केले. ते दोन किलोंना थोडे कमी भरले. आता आपल्याला काही औषध लिहून देतील या अपेक्षेने माय त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ते आजीकडे वळून म्हणाले, “आजी, तुम्ही केलंत तेच चालू ठेवा. दिवसा आणि रात्रीही. दर दोन तासांनी दूध. आणि दूध ओढायचं थांबली, तर माझी वाट न पाहता गाडी करून दवाखान्यात न्या.” गुटी, साखरपाणी, मध यांपैकी काहीही द्यायचे नाही, हेही त्यांनी बजावले. आणि मला भरपूर पाणी प्यायला सांगितले. आजी त्या शेवटच्या सूचनेवर नाराज झाली, पण गप्प राहिली.

मावशीची पाळी

दिवसरात्र बाळाला छातीशी बांधून ठेवणे एकट्या आईला जमत नाही, हे तिसऱ्याच दिवशी कळले. पाठ भरून येई. डोळा लागला तर बाळ सरकेल या भीतीने मी झोपत नसे. मग पाळ्या ठरल्या. पहाटे आजी, दुपारी माय, उरलेल्या वेळी मी.

सहा-सात दिवसांनी मावशीला आमच्याकडे आणले. ती बोलत नव्हती. कोणी पाणी पुढे केले तर पीत असे, नाही केले तर मागत नसे. ताडपत्रीच्या कडेला बसून ती रस्त्याकडे पाहत राही. तिच्यासमोर बाळाला पाजायलाही मला संकोच वाटे. माझे लेकरू आहे आणि तिचे नाही, हे जणू मी तिला दाखवत आहे, असे वाटे.

एका रात्री माझ्या अंगात कणकण होती आणि मायचा डोळा लागला होता. आजीने मला न विचारता मुलीला उचलले आणि मावशीपाशी जाऊन एवढेच म्हणाली, “हिला धर जरा. मला आता बसवत न्हाई.” मावशीने क्षणभर हात पुढे केला नाही. मग केला. आजीने मुलीला तिच्या छातीशी लावून लुगडे गुंडाळले. रात्रभर मावशी बैलगाडीच्या चाकाला टेकून बसून होती. पहाटे मी उठून पाहिले तेव्हा ती मुलीच्या टोपड्यावर हनुवटी टेकून हळूहळू डुलत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होते. दुर्घटनेनंतर ती तोवर रडली नव्हती.

त्यानंतर रात्रीची पाळी मावशीची झाली. तिचे दुःख त्याने कमी झाले, असे मी म्हणणार नाही; ते तिने जन्मभर वागवले. पण त्या पाळीसाठी ती जेवू लागली, कारण आजी तिला म्हणे, “उपाशी माणसाच्या अंगाला ऊब नसती.” ऊब बाळाला मिळत होती की मावशीला, हे सांगणे कठीण होते.

बारसे ठरल्या दिवशी झाले नाही. सव्वा महिना पुरा झाला तेव्हा, पाळण्याऐवजी मावशीच्या मांडीवर, मुलीचे नाव ठेवले. तेव्हा तिचे वजन अडीच किलोंच्या वर गेले होते.

आजीच्या शहाणपणाला मिळालेले नाव

पुष्कळ वर्षांनी मला कळले की, आजीने लिंबाखाली केले त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. कांगारू आपले अपुऱ्या वाढीचे पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, त्यावरून त्याला ‘कांगारू मातृ सेवा’ म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात, बोगोटा शहरातील एका रुग्णालयात १९७८ साली डॉ. एद्गार रे सानाब्रिया यांनी ही पद्धत सुरू केली. तिथे कमी वजनाच्या बाळांसाठी ऊबपेट्या पुरत नव्हत्या. म्हणून आईच्या शरीरालाच ऊबपेटी करण्याचा विचार पुढे आला. आईच्या त्वचेचा स्पर्श लाभला की बाळाचे तापमान टिकते, श्वास नियमित होतो, ते वरचेवर दूध ओढते आणि आईला दूधही अधिक येते. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ही सेवा जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसातून ८ ते २४ तास द्यावी, अशी शिफारस केली.

घरातल्या बाळाची काळजी घरातच शास्त्रशुद्ध घेता येते, हे तर आपल्या महाराष्ट्रानेच जगाला दाखवले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५च्या सुमारास खेड्यांतील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळांची देखभाल सुरू केली. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, ऊब राखणे, स्तनपानाला मदत करणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे ही कामे त्या करत. तिसऱ्या वर्षी त्या ३९ गावांत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही गृहाधारित नवजात काळजी देशभर लागू केली.

नातू आणि नवे वेळापत्रक

माझ्या नातवाचा जन्म रुग्णालयात झाला. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आशाताई आल्या. त्यांनी हात धुतले, तापमान घेतले, वजन केले, बाळाचे श्वास घड्याळ लावून मोजले आणि लेकीला पाजताना पाहिले. मग त्या सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आल्या. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक भेट असते. बेचाळीस दिवस म्हणजे जवळपास आपला सव्वा महिनाच. पूर्वजांनी आई-बाळासाठी राखून ठेवलेला काळ आणि शास्त्राने ठरवलेला काळ इतके जवळ यावेत, याचे मला समाधान वाटले. त्या काळात आईला विश्रांती द्यावी, पौष्टिक खायला घालावे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी टाळावी, हे जुने नियम आजही खरेच आहेत.

पण सारेच जुने नियम खरे नाहीत, हे मला आशाताईंसमोर मान्य करावे लागले. बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साठतो आणि धुराने बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना त्रास होतो. धुरी आणि शेगडी मी बाहेर काढली. काजळामुळे डोळ्यांना संसर्ग होतो आणि काही काजळांत शिसेही असते, म्हणून डबी बाजूला ठेवली. फार वाटले तर तळपायाला तीट लावावी. नाळेला हळद, तेल, राख काहीही लावायचे नाही. ती कोरडी ठेवली की साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप पडते. नाकात-कानात तेल घालायचे नाही. मध वर्षभर द्यायचा नाही, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला लकव्यासारखा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको. गुटीच्या सहाणेला मी आता नातवाऐवजी स्वतःच्या आठवणींपुरता हात लावते.

एका बाबतीत मात्र लेकीनेच माझी शिकवण मागितली. नातवाचे वजनही थोडे कमीच होते. ती म्हणाली, “आई, तू मला कसं बांधायचीस, ते दाखव ना.” मी तिला दाखवले. मग तिच्या नवऱ्यालाही दाखवले. जावईबापू आधी लाजले. पण संध्याकाळी कामावरून आले की अंघोळ करून तासभर मुलाला छातीशी घेऊन बसू लागले. मी एक पाळी घेतली. बापाची, आजीची, आजोबांचीही ऊब तितकीच चालते, हे लक्षात ठेवावे. मात्र ज्याला सर्दी, खोकला, ताप किंवा त्वचेचा आजार असेल, त्याने ती पाळी घेऊ नये.

घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी

बाळाजवळ सर्वांत जास्त वेळ असतो तो बहुधा आपणच, म्हणजे घरातली वयस्क माणसे. म्हणून धोक्याची लक्षणे आधी आपल्या लक्षात यायला हवीत. पुढीलपैकी एकही दिसले तर घरगुती उपाय करत बसू नये. लगेच रुग्णालय गाठावे. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्या बाळावरील उपचार मोफत असतात.

• बाळ दूध ओढायचे थांबले, किंवा पूर्वीपेक्षा फार कमी ओढू लागले.
• बाळ सुस्त पडले, हालचाल मंदावली, रडणे क्षीण झाले किंवा थांबले.
• बाळ शांत असताना मोजले तरी मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, अथवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे.
• हातपायांबरोबर पोटही गार लागणे, किंवा अंग तापणे. काखेतील तापमान साधारण ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावे.
• झटके येणे.
• पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे, किंवा नंतर तळहात-तळपाय पिवळे होणे.
• नाळेभोवती लाली किंवा पू, अंगावर पुवाचे फोड.

पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. तेवढ्याने घाबरू नये. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आणि बाळाइतकेच आईकडेही पाहावे. तिला पाणी मोजून देऊ नये. फार रक्तस्राव, ताप, दुर्गंधी असलेला स्राव, तीव्र डोकेदुखी किंवा झटके दिसले तर थांबू नये. ती सतत रडत असेल, बाळाकडे पाहवत नाही म्हणत असेल, दोन आठवडे उलटूनही तिचे मन सावरत नसेल, तर ‘नखरे करते’ असे म्हणू नये. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

आजी जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. मावशी मात्र आहे; सत्तरी ओलांडली तरी चालती-फिरती आहे. नातवाला पाहायला ती आली तेव्हा लेकीने काही न बोलता त्याला तिच्या मांडीवर दिले. मावशीने आधी त्याच्या तळपायांना हात लावला, मग पोटाला. “गरम हाय,” ती म्हणाली, आणि मगच त्याचे तोंड पाहिले.